टोपीवाल्यांचे पिक्चर

पिक्चर सुरू झाला की भागूजीमामा आधी गुरं शोधायचे. मोबाईलवर धुळीचा माळ, उंच टोपीतला घोडेस्वार, कमरेला पिस्तूल, आणि मामा डोळे बारीक करून विचारायचे, "ह्याला गुराखी म्हनत्यात ना? मग ह्याची गुरं कुठं हायेत?" गुरं नसली तर तो पिक्चर खोटा. नायक घोड्यावरून उतरून थेट गुत्त्यात शिरला की ते चिडायचे. "आरं, जनावराला आदी पानी दाव, मंग तुजं नरडं भिजव!"

मार्गासनी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरावर आमची सात-आठ घरांची वाडी. मामा शेजारी; नात्याने कोणी नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. वाडीची गुरं तेच राखायचे. मुलाने दिलेल्या मोबाईलवर त्यांना अमेरिकेतले हे जुने काऊबॉयचे पिक्चर सापडले आणि दुसरं काही बघणं सुटलं. मामा त्यांना 'टोपीवाल्यांचे पिक्चर' म्हणायचे.

इंग्रजी त्यांना अक्षरभर कळत नव्हतं. मी तेव्हा भोरच्या कॉलेजात जात होते. रविवारी माळावर त्यांच्याशेजारी बसून टोपीवाला काय म्हणाला ते सांगणं हे माझं काम. अडखळले की टोमणा ठरलेला: "रोज दोन एसट्या बदलून शिकाया जातीस, आन् एका मानसाचं बोलनं कळंना व्हय?" मग मी शब्दकोश घेऊन बसू लागले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तिच्यातलं निम्मं इंग्रजी त्या माळावरचं आहे, हे मी कुठल्याच अर्जात लिहू शकले नाही.

एका उन्हाळ्यात वाडीखालचा उतार पुण्याच्या कुणा साहेबांनी विकत घेतला आणि त्याला काटेरी तार मारली. गुरांचा पाणवठा तारेच्या आत गेला. मग पाण्यासाठी गुरं डोंगर उतरून पार खाली न्यायची आणि उन्हात पुन्हा वर आणायची. चढावर दोन म्हाताऱ्या गाई बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. पोरं पक्कड घेऊन तार तोडायच्या गोष्टी करू लागली, तेव्हा त्यांनी अडवलं नाही. मला ते बरं वाटेना.

त्या रविवारी लावलेल्या पिक्चरातही तारेचंच भांडण होतं. फाटकाशी टोपीवाल्याने पिस्तुलाला हात घातला तसा मी मोबाईल काढून घेतला. म्हटलं, "बॅटरी संपत आलीय मामा, पुढचं तोंडीच सांगते. तो गोळी घालत नाही. सगळी गुरं फाटकापुढे आणून उभी करतो, आणि मालकाला म्हणतो, तहानलेलं जनावर बघ आणि मग काय ते ठरव."

"मंग? उगडलं का फाटक?"

"उघडलं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मामांनी वाडीची सगळी गुरं साहेबांच्या तारेच्या फाटकापुढे आणली. पोरांच्या पक्कडी त्यांनी आधीच काढून घेतल्या होत्या. मीही गेले. फाटक उघडलं नाही तर काय, ही भीती होतीच.

"साहेबांचा हुकूम न्हाई," आतून रखवालदार म्हणाला.

"तुला उगड कोन म्हनलं? आमी हितं बसतो. तू तुजी भाकर खा."

रखवालदाराने भाकरीचं फडकं सोडलं. एवढ्यात गुरांना पाण्याचा वास लागला आणि ती हंबरू लागली. आधी एक, मग सगळीच. त्याने घास तसाच ठेवला, साहेबांना फोन लावला आणि मोबाईल तारेबाहेर धरून म्हणाला, "साहेब, माज्याच्यानं न्हाई सांगवत. तुमीच ऐका."

बऱ्याच वेळाने पलीकडून होकार आला आणि त्याने कडी काढली. तेव्हापासून रोज दुपारी तासभर फाटक उघडं राहतं.

मामा गेल्या वर्षी गेले. त्याआधी एकदा मी नोकरीवरून सुट्टीला आले असताना धीर करून सांगून टाकलं, "मामा, त्या पिक्चरात फाटक उघडलं नव्हतं. त्याने मालकाला गोळी घातली होती."

ते तंबाखू मळत होते. "म्हाईत हाय. तू घरी गेल्यावर म्या पुन्यांदा लावून बगितला."

"मग तरी गुरं घेऊन गेलात?"

"व्हय," मामा म्हणाले, "त्यांच्यापरीस तुजा पिक्चर बरा वाटला."