ग्लेनिसने पास केलेलं चाक

ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात खनिजाच्या मालगाड्या दोन-दोन किलोमीटर लांब, आणि त्यांच्या चाकांची झीज मोजायची ग्लेनिस ट्रेगियरने. एकोणीस वर्षं हेच! चाकाच्या कडेवर लेझरची रेघ पाडायची, कॅमेरा जाडी सांगतो. पण रुळाला घासून घासून कड झालेली असते आरशासारखी. उजेड उसळतो, यंत्राचे डोळे दिपतात आणि ते वाट्टेल ते बरळतं. चकाकी मारायला पांढरा फवारा मिळायचा, पण संपला की महिनोन्‌महिने पत्ता नाही. म्हणून ग्लेनिस सरळ अंगठ्यावर थुंकायची, पायाखालची लाल माती कडेला फासायची आणि मग मोजायची.

त्या सकाळी पर्थहून साहेब लोक बघायला आले. कडक इस्त्रीचे शर्ट, कोरे बूट. शेवटच्या डब्यापाशी ते अगदी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ग्लेनिसचा अंगठा तोंडापर्यंत गेला आणि मुकाट खाली आला. एका चाकाने काय होतंय, म्हणत तिने तसंच मोजलं. सत्तावीस मिलिमीटर. पास! गाडी सुटली. चालवायला तिचा धाकटा भाऊ, बेवन.

दहाच्या चहाला तिने खिमा भरलेल्या मीट पायचा घास घेतला आणि तिला आठवलं. मागच्या तपासणीत हेच चाक तेवीस होतं! झिजलेलं चाक कधी भरून येतं का, बये? बावीसच्या खालची कड म्हणजे गाडी कधी रूळ सोडेल नेम नाही. ती धावत मुकादम क्लाइव्हकडे गेली.

"गाडी थांबव!"

"डोकं फिरलंय का? मागच्या सगळ्या तुंबतील. आकडा तूच दिलास ना?"

"दिला. पण मी थुंकले नव्हते."

"काय?"

"हसायचंय ते नंतर हस. बेवन आहे रे तिच्यात!"

गाडी ऐंशी किलोमीटरवर उभी केली. क्लाइव्हच्या जीपमधून तिथे पोहोचेपर्यंत ग्लेनिसचा जीव टांगणीला लागला होता.

"काय गं, माझ्यावाचून करमेना होय?" बेवन दात काढत खाली उतरला.

ती चाकापाशी वाकली. थुंकली, माती फासली, मोजलं. वीस.

बेवनचे दात मिटले.

"यंत्र बिघडलं होतं, असं लिहितो," क्लाइव्ह हळूच म्हणाला. "तुझं नाव कशाला त्यात?"

"बिचाऱ्या यंत्राला कशाला बोल लावतोस? लिही, साहेबांसमोर थुंकायची हिला लाज वाटली," ती म्हणाली आणि तिथेच खडीवर मटकन बसून रडायला लागली.