चौथं लुगडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलीला नाही, देवापुढंही नाही. देवापुढं तर मी उजळ माथ्यानं उभी राहत आले. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही डिंगोऱ्यात राहत नाही, माझ्या ओट्यावर येऊन बसत नाही, एवढं कारण मला पुरे आहे.

पण आधी थोडं चिडू द्या. परवाच्या हळदीकुंकवात पुन्हा कुणीतरी माझं नाव घेऊन नव्या सुनांना सांगितलं, "कापडाचा मोह कसा आवरायचा ते काकूंकडनं शिका. पंधरा-सोळा वर्सं झाली, बाजारातनं वीतभर कापड आणलं न्हाई." सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोलणारीचा राग आला, ऐकणाऱ्यांचा आला, हातातल्या वाणाचासुद्धा आला. तरी मी काय केलं? हसले. मान खाली घालून, साधी बाई हसते तशी.

मी गोधड्या शिवते. आमच्याकडं उन्हाळ्यात, शेतातली कामं उरकली की घरोघर गोधडी अंथरली जाते. पण बायका मऊ, सरळ हाताच्या टाक्यासाठी माझ्याकडं येतात, आणि खोटं कशाला बोलू, माझा टाका खरंच चांगला आहे. कापडाचं वेडही तितकंच होतं. मंचरला कांदे घेऊन गेलो की हे आडतीत बसायचे आणि मी हमरस्त्याच्या कडेला, ताडपत्रीवर कटपीस मांडणाऱ्याजवळ. ट्रकचा धुरळा अंगावर घेत तुकडे चाळायचे. घरी दोन ट्रंका भरल्या, पोतं भरलं, शेवटी रिकामी पडलेली कणगीही भरली. एक गोधडी शिवून होईपर्यंत चार गोधड्यांचं कापड घरात येऊन पडायचं.

आणि म्हणून माझ्या घरात माझी काय शोभा व्हावी? एकदा कणगीत उंदरांनी घर केलं. पाहुणे बसलेले असताना ह्यांनी ते कुरतडलेले तुकडे ओट्यावर आणून आपटले आणि म्हणाले, "धान्याच्या कणगीत चिंध्या भरणारी बाई आमच्याच नशिबी व्हती राव!" पाहुणे हसले. अहो, त्याच वर्षी ह्यांनी चांगला चालता टेप असताना दुसरा आणला होता, मोठ्या आवाजाचा. तेव्हा कुणी हसलं नाही. पुरुषानं आणलं की हौस, बाईनं आणलं की चिंध्या. हा राग माझा अजून गेलेला नाही आणि तो मी सोडणारही नाही, पण पुढं जे केलं त्याचं खापर त्याच्यावर फोडायचं नाही, एवढं मी स्वतःला बजावलं आहे.

त्या रागात मी गावदेवीच्या देवळात गेले, नारळ ठेवला आणि बोलले — कणगी रिकामी होईपर्यंत बाजारातून बोटभर कापड विकत घेणार नाही. नव्व्याण्णव-दोन हजारचा सुमार असेल.

शपथ पाळली. अगदी पाळली! त्यावेळी मी स्वतःसाठी एक गोधडी लावायला घेतली होती. सगळे तुकडे जमले होते, फक्त मधल्या चौकोनाला जांभळा हवा होता. गडद, पिकल्या जांभळाचा. तो मंचरला त्या ताडपत्रीवर दिसला. मी उचलला, बोटांत चोळून पाहिला, खाली ठेवला, दहा पावलं गेले, परत आले, पुन्हा उचलला. आणि पुन्हा ठेवला. हे लांबून बघत होते. एस.टी.त त्यांनी शेजारच्या माणसाला कौतुकानं सांगितलं, "आमची मंडळी लई जिद्दीची हायत." मी खिडकीबाहेर बघत राहिले, पण आतून फुगले होते. तो तुकडा त्या दिवशी घेतला असता तर? देवीला दुसरा नारळ दिला असता, ह्यांचे चार शब्द ऐकले असते, आणि विषय तिथंच मिटला असता.

आठ दिवसांनी सुमनचं गाठोडं आलं.

सुमन म्हणजे आमच्या आळीतली सून, तिचं माहेर अवसरी खुर्दचं. तिची आई वारली होती. आमच्यात रीत अशी, की आई गेली की तिची नेसती लुगडी टाकत नाहीत. लेकीला त्याची गोधडी शिवून देतात. वरून मजबूत ठिगळांचं कापड आणि आत आईची मऊ लुगडी. आईची ऊब आतून लागली पाहिजे, असं म्हणतात. सुमनची भावजय मंदा, तिनं सासूची लुगडी स्वतः धुतली, घड्या घातल्या, गाठोडं बांधलं आणि सुमनच्या भावाच्या हातानं थेट माझ्याकडं पाठवलं. सुमननं ते उघडूनही पाहिलं नाही. तिला तेव्हा ते बघवलं नसतं.

गाठोड्यात चार लुगडी होती. तीन विटलेली. आणि चौथं जांभळं, तांबड्या काठाचं. पिकल्या जांभळाचं.

मी ते नुसतं माझ्या तुकड्यांशेजारी ठेवून पाहिलं. नुसतं पाहायला म्हणून — हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल! दोन दिवस ते तिथंच राहिलं. तिसऱ्या दिवशी मी सुमनची गोधडी अंथरली. तीन थर घातले, चौथ्या थराला सासऱ्यांचं जुनं धोतर घातलं, वरून ठिगळं लावली आणि कडेनं टाके घालायला लागले. बाजारातून तर काही आणलं नव्हतं ना? मग शपथ कुठं मोडली? असा विचार मी खरंच केला. त्यावेळी तो मला पटलाही, त्याचीच मला आज सगळ्यांत जास्त चीड येते.

सुमन गोधडी न्यायला आली. ओट्यावरच तिनं ती पोटाशी धरली आणि रडली. म्हणाली, "आई शेवटची हितं आली ती जांभळ्या लुगड्यातच वं काकू. वहिनी म्हनली, तेबी दिलंय." तिनं मला काही विचारलं नाही. मी तिला पाणी दिलं.

आणि त्या लुगड्याचं मी काय केलं? काही नाही! चौकोन कापायला कात्री घेतली आणि हात थांबला. सुमन एक दिवसाआड माझ्या ओट्यावर येणार, ते जांभळं ती लांबूनही ओळखणार. म्हणजे चोरलं तेही वाया. लुगडं ट्रंकेच्या तळाला गेलं, माझी गोधडी मधल्या चौकोनावाचून तशीच गुंडाळून ठेवली.

अकरा वर्षं सुमन ती गोधडी पांघरून झोपली. दोन्ही बाळंतपणं त्या गोधडीत झाली. ताप आला की ती म्हणायची, आईचं घ्या माझ्या अंगावर. माझ्या सासऱ्यांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं. त्यांचं धोतर ती आईचं म्हणून छातीशी धरत होती. हे मला माहीत होतं. मला एकटीलाच.

मग गोधडी विरली. सुमन ती घेऊन आली, म्हणाली, "उसवा काकू. आईची लुगडी धुऊन परत आत घालू." मी म्हणाले नवीच शिवते, जुनं उसवून काय करायचं? ती ऐकेना. दुपारची वेळ, ओट्यावर आणखी दोघी बसलेल्या, आणि सुमन स्वतःच ब्लेडनं टाके कापायला लागली. पहिलं लुगडं निघालं, दुसरं निघालं, तिसरं निघालं. मग ते धोतर.

तिनं ते हातात धरलं. बराच वेळ उलटंसुलटं करून पाहिलं.

"काकू, गाठोड्यात काय काय व्हतं?"

इथं मी थांबते जरा.

अकरा वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते असं म्हणाले तर खोटं होईल. असा प्रश्न कधी येईल, हेच मी मनाआड टाकलं होतं. पण उत्तर तयार होतं, ते कुठून आलं मला माहीत नाही. मी म्हणाले, "तीन लुगडी आन् ह्ये धोतर." सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले. दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला.

चोरी मी एका मोहात केली असं तरी म्हणता येईल. हे कशात केलं?

सुमन दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं अवसरीला गेली. तोवर तिथं इंजिनिअरिंगचं कॉलेज झालं होतं, मंदा तिथल्या पोरांना घरी जेवू घालायची, खाणावळीसारखं. दहा-बारा पोरं अंगणात जेवत होती, त्यांच्यासमोर सुमननं ते धोतर मंदाच्या अंगावर फेकलं. चोर म्हणाली. मेलेल्या सासूच्या अंगावरचं काढणारी म्हणाली. मंदानं आपल्या पोटच्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. भावानं — ज्यानं गाठोडं स्वतःच्या हातानं आणून दिलं होतं त्यानं — बायकोलाच विचारलं, "खरं सांग, कुठंय?" हे सगळं मला सुमननंच येऊन सांगितलं. माझ्या ओट्यावर बसून, माझ्या हातचा चहा पिऊन.

त्या वर्षी भाऊबीज झाली नाही. त्यानंतर कधीच झाली नाही. भाचीच्या लग्नाला सुमन गेली नाही, मंदानं पाठवलेली साडी तिनं परत पाठवली. आणि आमच्या आळीत काय सुरू झालं? "भावजय ती भावजयच, सासूच्या लुगड्यावरसुदिक डोळा." जिनं मंदाला कधी पाहिलं नाही, तीही बोलायची. मला संताप यायचा. वाटायचं, ओरडून विचारावं — तुम्हाला काय माहीत गं त्या बाईचं? जिनं सासूची लुगडी आपल्या हातानं धुतली, तिला चोर म्हणायला तुमची जीभ कशी रेटते? एकदा तर मी खरंच म्हणाले, "कुणाबद्दल असं बोलू नये." त्यावर त्या काय म्हणाल्या असतील? "काकू लई मोठ्या मनाच्या."

किती सोपं होतं! आत जायचं, ट्रंक उघडायची, ते लुगडं आणून त्यांच्यासमोर टाकायचं. वीस पावलं. मी ती चालले नाही. घाबरले म्हणू? कशाला? मला कुणी घराबाहेर काढलं नसतं, कुणी मारलं नसतं. फक्त हळदीकुंकवात माझं नाव कुणी घेतलं नसतं. तेवढ्यासाठी मी एका बाईला चोर ठरू दिलं आणि एका लेकीचं माहेर तोडलं. आणि शपथ मोडली नाही म्हणून गावदेवीपुढं दरवर्षी नारळ फोडत राहिले.

परवाच्या हळदीकुंकवातून घरी आल्यावर मी ट्रंक उपसली. लुगडं तळाशी होतं. हातात घेतलं तर घडीघडीवर फाटलेलं, उचलताना दोन तुकडे खाली पडले. न वापरता पडून राहिलं की सुती कापड घडीवर असंच जातं. गोधड्या शिवणाऱ्या बाईला हे माहीत असायला हवं होतं. आता ते सुमनच्याही कामाचं नाही, माझ्याही नाही. रंग तेवढा तसाच आहे.

मी त्याची पुन्हा घडी घातली. समोर ठेवूनच हे सांगते आहे. यावर तुम्ही मला काही म्हणावं अशी माझी अपेक्षा नाही.

गाठोड्यात चार लुगडी होती. मंदानं चारही पाठवली होती. चौथं मी घेतलं.