जेवताना तरी

हाडांच्या वॉर्डातली माणसं तशी आजारी नसतात, आणि तीच तिथली पंचाईत. डोकं शाबूत, भूक शाबूत, तोंड तर जरा जास्तच चालतं. एखादा हात नाहीतर पाय तेवढा मोडलेला, आणि त्यापायी धडधाकट माणूस खाटेला खिळलेला. आमच्या वॉर्डात बहुतेक सगळे कमावते होते. कुणी नव्याकोऱ्या मोटारसायकलवरून पडलेला, कुणी उड्डाणपुलाच्या कामावरून. शेजारच्या खाटेवरचा मजूर अमरावतीकडचा, हडपसरला एका कंपनीची काचेची इमारत बांधताना परांचीवरून खाली आलेला. ज्याच्यावर घर चालायचं तोच छताकडे बघत पडलेला, आणि घर त्याच्या उशाशी डबा घेऊन बसलेलं.

मी कर्वेनगरातल्या एका शाळेत पीटीचा शिक्षक होतो. बहिणीकडून स्कूटरवर परत येत होतो, तर आयटीतल्या पोरांना ने-आण करणारी एक जीप उलट्या बाजूने अंगावर आली. त्या वर्षांत पुण्यातल्या कंपन्या अमेरिकेच्या घड्याळावर चालायच्या आणि रस्ते अजून सायकलींच्या मापाचेच होते. उजवी मांडी मोडली. वरची जखम चिघळली, त्यामुळे आत सळी घालता येईना. मग डॉक्टरांनी गुडघ्याखालून एक पिन आरपार घातली, तिला दोरी बांधली, ती खाटेच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली सोडली आणि टोकाला वजन टांगलं. वजन म्हणजे काय, तर कापडी पिशवीत विटा. केवढं हे वैद्यकशास्त्र!

"हाड ओढून धरायचंय," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर तुकडे एकावर एक चढतात आणि पाय आखूड होतो. वजन सतत लोंबतं राहिलं पाहिजे."

मी एवढंच विचारलं, "पळता येईल?"

"पाय सारखा राहिला तर येईल."

पळणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं, आणि खरं सांगायचं तर मला दुसरं काही धड येतही नव्हतं. सकाळी मैदानावर पोरांच्या पुढे पळताना मी जेवढा सुखी असायचो तेवढा नंतर दिवसभर कधी नसायचो. त्या विटांवर माझा सगळा भरवसा होता.

आई रोज दुपारी डबा घेऊन यायची. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आमच्याकडे जेवणाचे कायदे कडक. जेवणाऱ्याला मधेच उठवायचं नाही, त्याच्यावर ओरडायचं नाही, ताटावर वाईट बातमी सांगायची नाही. माझे दहावीचे मार्कसुद्धा वडिलांना ताकभात संपल्यावर कळले होते. जेवताना जीव शांत पाहिजे, तरच अंगी लागतं, असं आईचं ठाम मत. आणि इथे तिचा मुलगा प्रत्येक घासाला तोंड वाकडं करत होता, कारण त्या पिशवीची ओढ थेट कमरेत जायची.

काही दिवसांनी मला दुपारी बरं वाटायला लागलं. जेवताना ओढ सैल पडायची, जेवून छान डोळा लागायचा, संध्याकाळी मात्र ठणका पुन्हा हजर. खाटेचा पायथा उंच केलेला, वर चादर, त्यामुळे पलीकडचं मला काही दिसत नव्हतं. सिस्टर एकटी, खाटा भिंतीपासून भिंतीपर्यंत, तीही कुठेकुठे बघणार! डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "आईच्या वरणभाताने दुखणं पळतं." ते हसले, मीही हसलो.

पुढच्या एक्स-रेनंतर कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "वजन कोण उचलत होतं?"

आई भात कालवत होती. तिचा हात थांबला.

"मी," ती म्हणाली. "जेवताना तेवढं पिशवीखाली स्टूल सरकवत होते. त्याला घास जात नव्हता हो."

"आणि जेवण झाल्यावर?"

"झोपायचा तो. झोपमोड कशी करायची? निघताना काढत होते की."

हाड चढून जुळलं होतं. पुन्हा मोडून बसवावं, तर जखमेतला पू आत जायची भीती. "दोन बोटं आखूड राहील," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. आईने कालवलेला भात डब्यात परत भरला.

ती गेल्यावर मी शेजाऱ्याला विचारलं, "तुम्हाला दिसत होतं ना सगळं? बोलला का नाहीत?"

"सर, माय पोराले जेवू घालून राहिली होती," तो म्हणाला. "तिले काय बोलू जी?"

मला राग आला. त्या स्टुलाचा, त्या डब्याचा, तिच्या मायेचा राग आला. अजूनही कधी कधी येतो.

शाळेने माणुसकी दाखवली आणि मला वाचनालयात बसवलं. तिथल्या खिडकीतून मैदान दिसायचं, म्हणून मी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. उजव्या बुटाला जाड तळ लावून घेतला. तो घातला की रस्त्यात कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पण आमच्या घरात बूट दाराबाहेर काढायचे. त्यामुळे मी बाहेर सरळ आणि घरात लंगडा. फरशीवर माझं एक पाऊल नीट पडायचं आणि एक आपटायचं, आणि ते ऐकायला घरात एकटी आई. मला वाढून झालं की ती ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. जेवताना माझ्याजवळ बसणं तिने सोडलं होतं.

एका रविवारी मी आंघोळ करून आलो, तर बूट माझ्या खोलीत, ओल्या फडक्याने तळापासून पुसलेले. ज्या बाईने गॅस जोडायला आलेल्या माणसालाही चपला बाहेर काढायला लावल्या, ती दारात उभी होती.

"घाल," ती म्हणाली. "घालूनच जेवायला ये."

"अगं आई, स्वयंपाकघरात?"

"जेवताना तरी. मला आवाज ऐकवत नाही रे."

मी बूट घातले आणि सरळ चालत ताटापर्यंत गेलो. कितीतरी दिवसांनी ती समोर बसली. माझ्याच्याने घास गिळवेना. तिला ते दिसत होतं, आणि या वेळी तिच्याजवळ काही उपाय नव्हता.