दाराकडची कड

आज शेजारी सुताराने करवत चालवली. भुशाच्या वासाने मी सिल्वासाजवळच्या सामरवरणीत, नव्वदच्या सुमाराच्या आमच्या खोलीत पोचले.

भांड्यांसाठी फळी लावायची होती. कंपनीतून आणलेल्या खोक्याच्या दोन फळ्या ह्यांनी वाकड्या कापल्या; एकच उरली. मी ब्लाउज शिवायचे. पट्टी ठेवल्याशिवाय कापडाला कात्री लावत नसे. मी उरलेल्या फळीवर रेघ आखून तिच्यालगत एक सरळ लाकडी पट्टी खिळ्यांनी ठोकली आणि करवत तिला चिकटवून चालवू लागले.

“अगं, लाकूड हाये ते, कापड नाही!” हे हसले.

तुकडा खाली पडला. कड अगदी सरळ!

कापलेली कड लोक भिंतीकडे लपवतात. ह्यांनी ती दाराकडे ठेवली, येणाऱ्याला आधी तीच दिसावी म्हणून.