शेजारचं स्टूल

सासूबाई गेल्या त्या वर्षी सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ड्रेस्डेनला आले. सगळा जन्म त्यांनी जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता. माणूस बोलका. पण आमच्या घरात बोलायला होतंच कोण? नवरा चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर, शिफ्टमध्ये अडकलेला. मुलगी सहा वर्षांची. तिला मराठी कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. आजोबांनी "चल, खेळूया" म्हटलं की ती "मॉर्गन, ओपा" म्हणून पळायची. ओपा म्हणजे आजोबा आणि मॉर्गन म्हणजे उद्या, एवढे दोन शब्द त्यांना त्यातून पक्के झाले.

राहता राहिले मी. आम्हा दोघांत सासरा-सुनेचा अदबशीर अबोला होता. "बाबा, चहा ठेवू?" "ठेव." याच्या पुढे गाडी जात नसे.

मग त्यांना कॉम्प्युटरवर व्हिडिओ पोकर सापडला. पाच पत्ते येतात, हवे ते ठेवायचे, बाकीचे टाकून एकदाच नवे घ्यायचे. जोडी जमली तर गुण. दुपारभर ते मफलर गुंडाळून खेळत बसायचे आणि मी स्वयंपाकघरातून माऊसची टिकटिक ऐकायची.

नवऱ्याच्या मनात आलं, वडिलांना एकदा खऱ्या मशीनवर खेळवू. फ्रँकफर्टजवळच्या बाड हॉम्बुर्गला जुना कसिनो आहे, शिवाय तिथल्या झऱ्यांचं पाणी पोटाला चांगलं, म्हणून त्याने सगळ्यांसाठी शनिवार-रविवारचं हॉटेल ठरवलं. ऐन वेळी त्याची शिफ्ट बदलली. मुलीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं, म्हणून ती शेजारणीकडे राहिली. "तुम्ही दोघं जाऊन या," नवरा म्हणाला. आम्ही दोघांनीही नको म्हणायचं धाडस केलं नाही.

साडेचार-पाच तासांच्या प्रवासात बाबा खिडकीबाहेर बघत होते, मी मासिक चाळत होते. पोचल्यावर बागेत झऱ्याचं पाणी प्यायलो. बाबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि उरलेलं माझी नजर चुकवून गवतात ओतलं. मी पाहिलं, पण हसले नाही. हसण्याइतकी ओळखच नव्हती आमची.

कसिनोत दारावर पासपोर्ट दाखवले. कोट काढून द्यायला सांगितलं तेव्हा बाबांनी कोट दिला, मफलर दिला नाही. मशीनच्या दालनात जाड गालिचा, सिगरेटचा धूर आणि सगळीकडून बारीक घंटा. कोपऱ्यात पोकरची मशीनं होती. बाबा एका स्टुलावर बसले. मी मागे उभी.

शेजारच्या मशीनवर त्यांच्याच वयाचा एक जर्मन गृहस्थ होता. तपकिरी स्वेटर, हाताला किंचित कंप. थोडा वेळ तो आपला खेळत राहिला. मग बाबांच्या पडद्यावर दोन चौके, एक एक्का आणि दोन फुटकळ पत्ते आले. बाबांनी एक्का ठेवायला बोट पुढे केलं.

"नाइन, नाइन," म्हणजे नाही, नाही, असं तो म्हणाला आणि दोन बोटं वर करून चौक्यांकडे दाखवलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतोय गं?"

"एक्का सोडा म्हणतायत. जोडी ठेवा."

"एक्का सोडू?" बाबांना ते पटेना. तरी सोडला. तिसरा चौका आला. त्या गृहस्थाने "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत मान डोलावली, आणि बाबा हसले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

पुढे माझी गरज उरली नाही. बाबा मराठीत बोलत, तो जर्मनमध्ये, आणि दोघांचं छान चाललं होतं. "अरे बाबा, ही इस्पिकची राणी आत्ता यायची होती का?" असं बाबा म्हणायचे आणि तोही आपल्या मशीनकडे हात करून काहीतरी कुरकुरायचा. मी लांबच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसले. अख्ख्या दालनात बोलायला कोणी नसलेली मी एकटीच आहे असं वाटत होतं. घरी निदान भांडी तरी घासायला असतात.

निघताना त्या गृहस्थाने बाबांच्या स्टुलावर थाप मारली आणि म्हणाला, "मॉर्गन?"

"मॉर्गन," बाबा ठामपणे म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी मलाच समजावलं, "उद्या ये म्हणाला."

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच आम्ही तिथे होतो. बाबांनी तीच जागा धरली आणि शेजारच्या स्टुलावर मफलर ठेवला. खेळत होते, पण प्रत्येक डावानंतर दाराकडे बघत होते. एका बाईंनी जागा रिकामी आहे का विचारलं. "नाइन," बाबा म्हणाले. जर्मनीत आल्यापासून एवढं स्पष्ट ते पहिल्यांदाच बोलले असतील.

गृहस्थ आला नाही. मी काउंटरवर विचारलं, पण नाव माहीत नव्हतं. स्वेटर घालणारे म्हातारे तिथे पुष्कळ येतात, असं तिथली मुलगी म्हणाली. गाडीची वेळ झाली तेव्हा बाबांनी मफलर उचलला आणि त्या बाईंना हाताने स्टूल दाखवलं.

"बरं वाटत नसेल त्याला," स्टेशनकडे चालताना ते म्हणाले. "हात कापत होता."

"हो बाबा."

गाडी सुटून बराच वेळ झाला. बाहेर सपाट शेतं लागली होती. बाबा एकदम म्हणाले, "तू दिवसभर काय करतेस गं घरी?"

मला वाटलं, कामाबद्दल विचारतायत. मी सांगू लागले, सकाळी डबा, मग धुणं.

"ते नाही. काम तर मला दिसतं. बोलतेस कोणाशी?"

नाशिकला मी कॉलेजात शिकवत होते. इथे माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, तीन वर्षं होत आली होती. हे त्यांना माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. पण असं कोणी विचारलं नव्हतं.

"कोणाशी नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. सांत्वन वगैरे केलं नाही. मग म्हणाले, "ते पाणी फार घाण होतं. मी टाकून दिलं."

"मी पाहिलं," मी म्हणाले.

त्यानंतर दुपारी आम्ही चहा घेऊन स्वयंपाकघरात बसायला लागलो. ते एक्स्चेंजमधल्या रात्रपाळ्यांच्या गोष्टी सांगायचे, मी कॉलेजातल्या. महिनाभराने ते परत गेले. पुढच्या वर्षी बोलावलं तर गुडघ्यांचं कारण सांगून आले नाहीत. रविवारी फोन आला की मात्र मुलाशी बोलून झाल्यावर "तिला दे" म्हणत. बाकीचे सहा दिवस दुपारी चारच्या सुमाराला घर इतकं शांत व्हायचं, की मी रेडिओ लावून ठेवायची. जर्मन बातम्या चालू असायच्या आणि मी चहा प्यायची.