बॉनेटखालच्या पाच ओळी

गुलाम हुसेनच्या गॅरेजला पाटी नव्हती. भिवंडीत धामणकर नाक्याजवळ दोन यंत्रमाग-कारखान्यांच्या मध्ये पत्र्याची एक शेड, पुढे जुन्या टायरांची चळत आणि आत हा माणूस. ज्याला यायचं तो विचारत विचारत यायचा आणि एकदा आला की दुसरीकडे जायचा नाही. दोन्ही बाजूंनी लूमची खटखट दिवसभर चालू असायची, त्यात इंजिनाचा आवाज काय डोंबल ऐकू येणार! म्हणून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे, अशी त्याची रीत होती. मिनिटभराने डोळे उघडून तो रोग सांगायचा. बहुतेक वेळा तो बरोबर असायचा आणि चुकला तर तसं कबूल करायचा.

त्याची दुसरी रीत म्हणजे तो बिल देत नसे. बिल मागणाऱ्याकडे तो असा बघायचा, जणू लग्नाला येऊन कोणी जेवणाची पावती मागतोय. पण नोंद ठेवायचा, आणि ती गाडीवरच. सर्व्हिसिंग झाली की पांढऱ्या ऑईल पेंटमध्ये बारीक ब्रश बुडवायचा आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला एक ओळ लिहायचा. तारीख, किलोमीटर, ऑईल, फिल्टर, आणि शेवटी ‘गु. हु.’ वही हरवते, कागद फाटतो, गाडी कुठे जाणार, असं त्याचं म्हणणं. भिवंडीत कितीतरी गाड्यांच्या पोटात त्याचं अक्षर होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. तो तसं बोलून दाखवत नसे एवढंच.

जवळच्या दापोडे गावचा केसरीनाथ हा त्याचा सव्वीस वर्षांपासूनचा दोस्त. आधी केसरीच्या बापाचा ट्रॅक्टर गुलाम हुसेनकडे यायचा, मग केसरीची मोटरसायकल. पुढे दापोड्याची शेतं गोडाऊनवाल्यांनी घेतली. केसरीने घर बांधलं, थोरल्या मुलीचं लग्न केलं आणि उरलं त्यातून २००५ च्या दसऱ्याला एक निळी डिझेल गाडी घेतली. ती त्याने एका गोडाऊन कंपनीला साहेबांची ने-आण करायला भाड्याने लावली आणि स्वतःच चालवू लागला. शेत गेलेल्या माणसाच्या हाती आता तेवढी गाडीच होती.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. केसरीच्या बायकोने, काशीने, चाव्यांना हळदकुंकू वाहिलं. गाडीबरोबर मिळालेल्या कंपनीच्या पुस्तकालाही वाहिलं, ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं आणि देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवून दिलं. लक्ष्मीबरोबर आलेला कागद म्हणजे देवाचाच. तो उघडून वाचायचा असतो हे त्या घरात कोणाच्या मनात आलं नाही. पुस्तक इंग्रजीत होतं आणि घरात इंग्रजी वाचणारी एकटी धाकटी मृणाली. ती कॉलेजात जायची, पण तिला तरी कोण विचारतोय!

पहिल्या तीन फुकटच्या सर्व्हिसिंग ठाण्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये झाल्या. दर वेळी अख्खा दिवस मोडायचा आणि गोडाऊनचे साहेब कुरकुरायचे. चौथ्या वेळी केसरी गाडी घेऊन सरळ धामणकर नाक्यावर आला.

“मना ठान्याला जावाला येल न्हाय,” तो म्हणाला. “तूच कर.”

“बाहेरचा हात लागला की वॉरंटी जाते बोलतात,” गुलाम हुसेन म्हणाला. नाक्यावरच्या सगळ्यांना हे वाक्य पाठ होतं. कुठे वाचलं म्हणून विचाराल तर कोणालाच सांगता आलं नसतं.

“तुजा हात बाहेरचा कवाधरना झाला?” केसरी म्हणाला, आणि तो विषय तिथे मिटला.

गुलाम हुसेनने ते काम जिवापाड केलं. कंपनीचाच फिल्टर, कंपनी सांगते तेच ऑईल, दर पाच हजार किलोमीटरला, एकदाही चुकवलं नाही. पंधरा, वीस, पंचवीस, तीस, पस्तीस हजार. बॉनेटखाली पाच ओळी झाल्या. केसरी तर कोणालाही बॉनेट उघडून दाखवायचा. “बघ, आमच्या गुलामभायचा अक्षर,” म्हणायचा, जशी काही पोराची मार्कशीट दाखवतोय.

सदतीस हजारांवर, जून महिन्यात, दापोड्याच्या रस्त्यावर गाडी गपकन बंद पडली. ढकलत, ओढत ती दुपारी गॅरेजला आणली. गुलाम हुसेनने पाना लावून इंजिन फिरवून पाहिलं. ते तसूभरही हललं नाही. ऑईलची पट्टी काढली तर ऑईल भरलेलं आणि स्वच्छ. वरचं झाकण उघडून बोट फिरवलं, तर तिथे कोरडं ठाक. खाली ऑईल भरपूर आणि वर थेंब नाही, म्हणजे ते वर चढवणारा पंपच गेला होता. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायची गरजच पडली नाही.

“हा कंपनीचा दोष हाय,” तो म्हणाला. “वॉरंटीचे चार महिने बाकी हायत. मी इंजिन खोलला तर ती बी जाईल. उद्या ठान्याला नेऊ.”

केसरी गोडाऊनच्या साहेबांना सांगायला आणि क्रेन ठरवायला गेला. साहेबांनी त्याला आठ दिवस दिले. आठ दिवसांत गाडी रस्त्यावर आली नाही, तर ते दुसरी लावणार होते.

गुलाम हुसेन गाडीपाशी एकटाच राहिला, आणि तिथेच त्याला ती बुद्धी सुचली. उघड्या बॉनेटखाली त्याच्या पाच ओळी पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. बॉनेट उघडलं की कंपनीच्या माणसाला सगळ्यात आधी काय दिसणार? गु. हु., गु. हु., गु. हु. बाहेरचा हात, एकदा नाही, पाचदा. मग तो पंप कशाला बघतोय! चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे बिचाऱ्याने चोरी केली नव्हती आणि चांदणं मात्र लख्ख पडलं होतं.

त्याने थिनरची बाटली घेतली. शेजारच्या कारखान्यातून येणारा टाकाऊ सुताचा गुंता घेतला, ज्याने भिवंडीतला प्रत्येक मेकॅनिक हात पुसतो, आणि एकेक ओळ पुसत गेला. पस्तीस हजाराची लगेच निघाली. पंधरा हजाराची जुनी होती, तिला पत्र्याचं पातं लावून खरवडावं लागलं. मग पॉलिश मारलं. संध्याकाळी मगरिबच्या अजानपर्यंत बॉनेट आतून कोरं करकरीत झालं होतं. केसरीला सांगायचं नाही असं त्याने ठरवलं. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, माहीत असलं तर तोंडावर दिसेल. दोस्तासाठी आपण आपलं नाव पुसलं, या विचाराने त्याला रात्री जेवताना थोडं बरंही वाटलं. घरी बायकोने, जुबैदाने, वाढताना विचारलं, “आज एवढे हात घासलेत?” त्याने हसून आणखी एक भाकरी मागितली.

सकाळी क्रेन आली. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी केसरी, मध्ये मृणाली आणि दाराकडे गुलाम हुसेन. आई म्हणाली म्हणून मृणालीने देव्हाऱ्याखालचं पुस्तक आणलं होतं. कशेळीच्या पुलावर ट्रॅफिक अडकला तशी तिने पिशवी सोडली. पानांना हळद लागली होती, ती फुंकून ती वाचू लागली.

“बाबा, हे ऐका,” ती एकदम म्हणाली. “बाहेर सर्व्हिसिंग केली तरी वॉरंटी जात नाही. साफ लिहिलंय इथे. फक्त ठरल्या किलोमीटरला, बरोबर ऑईल-फिल्टर घालून केली पाहिजे. आणि कधी केली त्याची नोंद दाखवायची.”

“कसली नोंद?”

“तारीख, किलोमीटर, काय बदललं ते. ज्याने केलं त्याची सही.”

केसरीने तिच्या मागून हात लांब करून गुलाम हुसेनच्या खांद्यावर अशी थाप मारली, की ड्रायव्हरनेही वळून पाहिलं. “नोंद त हायच की रं! बॉनेटच्या खाली सगली हाय! गुलामभाय, तुजे पाच ओली!” तो हसत सुटला. कालपासून पहिल्यांदाच हसत होता.

गुलाम हुसेनला त्याच वेळी बोलायचं होतं. ‘केसरी, मी ते पुसलं.’ चार शब्द. पूल संपेपर्यंत बोलू, असं त्याने ठरवलं. पूल संपला. बाळकूम आलं, नाका आला, सिग्नल आला. प्रत्येक सिग्नलला तो तोंड उघडायचा आणि केसरीचं हसू बघून मिटायचा. सव्वीस वर्षांत याच्याशी बोलायला त्याला कधी शब्द जुळवावे लागले नव्हते. माणूस भित्रा नव्हता तो, पण त्या दिवशी भित्रा झाला, ते लपवण्यात अर्थ नाही.

वर्कशॉपच्या फाटकाशी तो म्हणाला, “तुमी जा. मी हितंच थांबतंय, चहा घेतंय.”

समोरच्या टपरीवरून फाटकातलं आवार स्वच्छ दिसत होतं. ऐकू काही येत नव्हतं. निळ्या शर्टातला एक मॅनेजर आला. मृणालीने पुस्तकातलं पान दाखवलं. मॅनेजरने मान डोलावली, म्हणजे तोही नाही म्हणत नव्हता. मग केसरी छाती पुढे काढून गाडीकडे गेला. दोन्ही हातांनी त्याने बॉनेट उचललं आणि वर न बघताच बोटाने दाखवलं, पाठ असलेली जागा दाखवावी तसं. मॅनेजर वाकला. त्याने खिशातून कॅमेऱ्याचा मोबाइल काढला होता, तो हातात तसाच राहिला. मग केसरीने वर पाहिलं. त्याने बॉनेटवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात. मृणालीने त्याच्या दंडाला धरलं. गुलाम हुसेनच्या हातातला चहा तसाच निवला.

बऱ्याच वेळाने दोघं रस्ता ओलांडून आले. केसरी बाकड्यावर बसला.

“तो बोलला, लिवलेला दिसला असता त मी फोटो कारून कंपनीला पाठवला असता,” तो रस्त्याकडे बघत म्हणाला. “बाकी कंपनीनं ठरवला असता. आता काय, नोंद न्हाय म्हंजे ऑईल बदललाच न्हाय, असा धरतील.” मग त्याने विचारलं, “कुटं गेला ता अक्षर, गुलामभाय?”

“मीच पुसला. काल.”

“कशाला?”

“माजा हात दिसू नये म्हनून. वॉरंटी जाईल म्हनून.”

“आनि पुलावर का न्हाय बोललास?”

गुलाम हुसेनने निवलेला चहा रस्त्यावर ओतला. केसरी ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या, कॉलर धरली असती, तरी गुलाम हुसेनने ते सोसलं असतं. पण केसरीने टपरीवाल्याकडे फक्त पाणी मागितलं. पाणी पिऊन त्याने मान वळवली आणि अगदी हळू, शरमल्यासारखं विचारलं:

“एक इचारू? राग नको मानू. तू ऑईल बदलत व्हतास ना? दर टायमाला?”

मृणालीने तोंड दुसरीकडे फिरवलं.

“बदलत व्हतो,” गुलाम हुसेन म्हणाला. ते शंभर टक्के खरं होतं. पण आपलाच आवाज त्याला खोटा वाटला. सव्वीस वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि ज्याने विचारला त्याच्यावर रागवायचा हक्क त्याने स्वतःच काल खरवडून काढला होता.

इंजिन फुकट बांधून देतो, असं तो पुढे दोनदा दापोड्याला जाऊन सांगून आला. केसरी “बघू” म्हणाला. काशीने चहा केला, पण ती बाहेर येऊन बसली नाही. आठ दिवस संपले, साहेबांनी दुसरी गाडी लावली, आणि महिन्याभरात केसरीने बंद गाडी आहे तशी एका कुर्ल्याच्या माणसाला विकून टाकली. तो पंप कोणी उघडून पाहिलाच नाही. आता केसरी त्याच्याच जुन्या शेतावरच्या गोडाऊनमध्ये गेटवर बसतो. मोटरसायकल आहे अजून, पण ती दुरुस्तीला दुसरीकडे जाते.

गुलाम हुसेनने मात्र एक जाड वही आणली आणि रबरी शिक्का बनवून घेतला. शिक्क्यासाठी नाव लागतं, म्हणून गॅरेजचं नावही ठेवलं. आता तो प्रत्येक गाडीला कागद देतो, न मागता. वहीच्या पहिल्या पानावर त्याने केसरीच्या गाडीची पाच सर्व्हिसिंग आठवून लिहिल्या आहेत. तारखा बरोबर आहेत, किलोमीटर बरोबर आहेत, प्रत्येक ओळीपुढे सही आणि शिक्का आहे. दापोड्याकडची एखादी गाडी आली की तो ती वही समोर टेबलावर उघडून ठेवतो, पहिलंच पान वर करून. अजून ते पान कोणी वाचलेलं नाही.