बिबट्या त्याला दिसला

केनियाला जायचा हट्ट माझा होता. जपानमधल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या एवढ्याशा घरात आफ्रिकेतल्या प्राण्यांची पुस्तकं जमवली मी, दुर्बीण घेतली मी आणि नवऱ्याने रजा टाकेपर्यंत त्याच्या मागे लागले तीही मीच. तो म्हणायचा, "प्राणीच बघायचेत ना? मग उएनोचं प्राणिसंग्रहालय काय वाईट आहे?"

केनियातल्या राष्ट्रीय उद्यानात हत्ती, झेब्रे, जिराफ पोटभर दिसले. पण मला हवा होता बिबट्या. पुण्यात कॉलेजात असताना त्याच्यासाठी किती जंगलं पालथी घातली होती! पायाच्या ठशांपलीकडे तो मला कधी दिसला नव्हता.

आणि एका पहाटे माझं पोट असं बिघडलं की तंबूतून उठवेना. नवरा म्हणाला, "मीही थांबतो."

"दोघांनी कशाला चुकवायचं? तू जा," मी म्हटलं.

तो परतला तेव्हा मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "अगं, बिबट्या! अख्खं हरीण तोंडात धरून सरसर झाडावर!" त्याने फोन पुढे केला. मी कूस बदलली. मळमळतंय म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

जपानला परत आल्यावर तर त्याच्या उत्साहाला ऊतच आला. ऑफिसात, स्टेशनवर, लिफ्टमध्ये, जो भेटेल त्याला बिबट्या. एका रविवारी मित्रमंडळी जेवायला आली होती. मी भेळ कालवत होते.

"आम्ही अगदी झाडाखालीच होतो," तो सांगत होता.

"आम्ही नाही," मी म्हटलं. "तू."

माझ्या मैत्रिणीने घाईघाईने चिंचेची चटणी मागितली.

पाहुणे गेल्यावर तो भांडी पुसायला माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "तुला बरं वाटावं म्हणून मी 'आम्ही' म्हणत होतो गं."

मला आणखीच राग आला. पण बोलून गेले, "सांग मग. नीट सांग. चढताना शेपूट कशी होती? वर गेल्यावर त्याने खाली बघितलं का? धापा टाकत होता?"

तो विचारात पडला. "एवढं कुठे बघितलं मी? फोन हलू नये म्हणून धरून बसलो होतो."

माझा जळफळाट झाला. इतक्या वर्षांनी बिबट्या समोर आला, तोही याच्या! आणि याने तो फोनमध्ये पाहिला!

हात पुसून मी तो फोन मागितला. मी तिथेच ओट्याला टेकून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत राहिले. शेपूट ताठ होती. फांदीवर पोचल्यावर तो धापा टाकत खरंच खाली बघत होता, सरळ माझ्या नवऱ्याकडे.

"पुढच्या वेळी तू आजारी पड," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि त्याने कढई पुसायला घेतली.